जमनेनं तोंड लावलं

सरकीची ढेप चांगली की वाईट, हे कारंज्यात माणसाला विचारायची पद्धत नव्हती. फुलचंदशेटच्या तेलाच्या मिलमध्ये सरकीतून तेल निघालं की उरलेली ढेप पोत्यांत भरून फाटकाशी यायची. फाटकाशी निंबाखाली जमना नावाची म्हैस बांधलेली असायची. गिऱ्हाईक पोत्याचं तोंड सोडायचं, ढेपेचा एक तुकडा मोडायचं आणि जमनेपुढे धरायचं. जमनेनं तोंड लावलं की पोतं बैलबंडीत. तिनं मान फिरवली की पोतं परत आत. भावावर भांडणं व्हायची, वजनावर तर हमरीतुमरी व्हायची, पण जमनेच्या निकालावर कोणी कधी शब्द काढला नाही. शेटजी तर तिच्यावर फारच खूश होते. म्हैस त्यांची, दूध त्यांच्या चहात, आणि पोट भरायचं गिऱ्हाइकाच्या पोत्यातून!

अशा या मिलमध्ये इंद्रभान सुपरवायझर होता. म्हणजे सुपरवायझरचं सगळं काम करत होता, शिव्याही सुपरवायझरच्याच खात होता. फक्त नोकरी कच्ची होती. बहात्तरचा दुष्काळ आला आणि गेला, मिलच्या छपराचे पत्रे बदलले, पण इंद्रभान काही पक्का झाला नाही. याचं खरं दुःख त्याला कमी आणि त्याचे सासरे जानराव यांना जास्त होतं. जानराव इंझोरीला राहायचे. जावई दिसला की नमस्कार नाही, पाणी नाही, पहिला प्रश्न ठरलेला: "काय जवाईबापू, झाले का पक्के?" एसटीच्या खिडकीतून विचारायचे. मयतीला भेटले तरी विचारायचे, फक्त आवाज खाली.

आता वैशाखात धाकट्या मेहुणीचं लग्न ठरलं होतं.

"ह्या खेपेले बाबा मांडवात इचारतीन," विजयमाला, त्याची बायको, भाकर थापता थापता म्हणाली. "साऱ्या गोतासमोर. मी तं बापा पदर घेऊन मांगच्या दारानं पळून जाईन. तुमी कोठी जासान, ते तुमी पाहा."

इंद्रभाननं हातातला घास ताटात परत ठेवला. मांडवात पळायला जागा नसते, हे त्याला ठाऊक होतं.

त्याच सुमारास उद्योगधंद्यांच्या कुठल्याशा मंडळानं नागपूरला एक शिबिर ठेवलं: 'कारखान्यातील दर्जा व सुधारणा'. बोलावणं शेटजींना होतं. पण शेटजी बाहेरच्या पाण्यालाही हात लावत नसत, आणि शिबिरात दोन्ही वेळचं जेवण फुकट होतं. फुकटचं वाया जाणं त्यांना पाहवेना, म्हणून त्यांनी इंद्रभानला पाठवलं.

तिथे टाय बांधलेल्या एका तज्ज्ञानं पडद्यावर जपानचे कारखाने दाखवले. फरशी अशी की भात वाढून खावा. माणसं अशी की शिंकही रांगेत येईल. तज्ज्ञ म्हणाला, "आजच्यापेक्षा उद्या चांगलं. उद्यापेक्षा परवा चांगलं. रोज एक सुधारणा करा, आणि थांबू नका!" इंद्रभान अगदी भारावून गेला. आपण इतकी वर्षं कच्चे का राहिलो, याचं उत्तर त्याला तिथे मिळालं. परत येताना छातीवर शिबिराचा बिल्ला तसाच होता. कंडक्टरला वाटलं तपासनीस चढला, त्यानं घाबरून सगळ्यांची तिकिटं पुन्हा पाहिली.

"शेटजी, रोज एक सुधारना कराची," इंद्रभाननं दुसऱ्या दिवशी सांगितलं. "थांबाचंच नाई."

"पैसे लागते का?"

"नाई."

"मंग थांबू नको," शेटजी म्हणाले. मग जरा पुढे झुकले. "देख इंद्रभान, अकोल्याकडच्या दूध संघाचे डॉक्टर येऊन राह्यले, ढेप पसंत कराले. त्याहीच्या साऱ्या गोठ्याची ऑर्डर हाय. ऑर्डर भेटली का तू पक्का. माझी जबान."

झालं! इंद्रभानच्या अंगात जपान संचारलं.

पहिली सुधारणा म्हणून त्यानं डालड्याच्या डब्याला भोक पाडून सूचनापेटी केली. ढेप भरणाऱ्या बायांची पुढारी गोजराबाई. ती म्हणाली, "बाबू, लेहाले कोनाले येते इथं? तोंडानंच सांगतो ना, चहा पातळ असते." पुढे त्या डब्यात ती आपली तंबाखू ठेवू लागली, आणि झाकण घट्ट असल्यामुळे ती सादळत नाही असं सगळ्यांना सांगू लागली. एवढा एक उपयोग झाला. दुसरी सुधारणा म्हणजे प्रत्येक वस्तूची जागा ठरवून भोवती चुन्याची रेघ. घमेल्याला रेघ, फावड्याला रेघ, झाडूला रेघ. गोजराबाई रुसली. "मले नाई मारली रेघ. मी कोठी बसू?" तिच्याभोवतीही मारली. मग बाकीच्या बायांनी हट्ट धरला. संध्याकाळपर्यंत मिलची जमीन मुलींच्या लंगडीच्या मैदानासारखी झाली.

तिसरी सुधारणा जमनेची. त्याचं असं झालं की, तज्ज्ञानं सांगितलं होतं, तयार मालाजवळ घाण नको. आणि जमना तर तयार मालाच्या शेजारी दिवसभर काय करायची, ते सांगायला नको. इंद्रभाननं तिला गोदामामागच्या पडवीत नेऊन बांधलं. निंबाखालची जागा खरडून काढली, वर चुना टाकला, त्यावर फिनेल शिंपडलं आणि पाटी लावली: 'दर्जा हेच आमचे ध्येय'. लांब उभं राहून त्यानं ती जागा पाहिली. त्याला भरून आलं.

सकाळी पहिली बंडी आली. शेतकऱ्यानं पोत्याचं तोंड सोडलं, तुकडा मोडला, हात पुढे केला आणि तसाच उभा राहिला.

"म्हैस कोठी गेली वो?"

"नेली माय मांगं," गोजराबाई म्हणाली. बाई खोटं बोलणारी नव्हती. "काल लय साफसफाई झाली. चुना टाकला, फिनेल टाकलं."

शेतकऱ्यानं ती चुन्याची पांढरी जागा पाहिली. नाकात फिनेलचा वास गेला. जनावर रोगानं गेल्यावर जागेवर चुना आणि फिनेल टाकतात, हे वऱ्हाडात लहान पोरालाही माहीत असतं. त्यानं हातातला तुकडा हळूच पोत्यात ठेवला, हात धोतराला पुसला आणि रिकामी बंडी वळवली.

त्यानंतर बातमीला बंडीची गरज उरली नाही. कारंज्याच्या बाजारात जमना ढेप खाऊन मेली. मालेगावला पोचेपर्यंत मिलमधल्या दोन बाया अंथरुणाला खिळल्या. इंझोरीला पोचेपर्यंत खुद्द सुपरवायझरची तब्येत नाजूक झाली होती.

जानराव पहिल्या एसटीनं आले. खांद्यावर दुपट्टा, पिशवीत आजाऱ्यासाठी संत्री. दारात इंद्रभान मिशीला कात्री लावत बसलेला.

"जित्ते हा का, जवाईबापू?"

"हो, मामाजी. का बरं?"

"बरं झालं," जानरावांनी सुस्कारा सोडला आणि पिशवी खाली ठेवली. "झाले का पक्के?"

विजयमालेनं आतून भांडं आपटलं. मग चहा झाला, संत्री सोलली गेली, आणि जानरावांनी सगळी बातमी सांगितली. "लोक काय, काय बी म्हनते. आपन नाई भेत. आपन तं जवायाच्या मिलशिवाय दुसऱ्या ढेपेले हात लावत नाई!" असं ते शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. "मंग एक पोतं नेता का?" असं इंद्रभाननं विचारलं, तेव्हा मात्र त्यांना एसटीची गर्दी आठवली.

मिलमध्ये शेटजी वाटच पाहत होते. गोदाम छतापर्यंत भरलं होतं. "माझी म्हैस जित्ती असून मेली अन् माल चांगला असून पडला! याले सुधारना म्हंते काय बे? डॉक्टर चार रोजात येते. बाजारात हे ऐकलं तं जीपमधून उतरनार नाई. मंग तू पक्का तं सोड, कच्चाबी राहत नाई!"

इंद्रभान घरी आला तो भिंतीला टेकूनच बसला. शेजारचे मारोतराव लगेच आले. हे एसटीच्या कंट्रोलरच्या खोलीतून रिटायर झालेले. बायकोला पाणी मागायचं तरी दोनदा सूचना दिल्यासारखं मागायचे. लोकांना सल्ला देणं हे त्यांचं उरलेलं आयुष्य होतं.

"सोपं हाय. भोंगा लावाचा, म्हैस फिरवाची. आपल्या डोयानं पाह्यल्यावर कोन नाई म्हनते? अलाउन्स मी करतो."

भोंग्याला परवानगी लागते. इंद्रभान ठाण्यात गेला. हवालदारानं अर्ज वाचला. कारण: 'म्हैस जिवंत असल्याबद्दल'.

"लग्नाले देतो, जयंतीले देतो, सर्कशीले देतो," हवालदार विचार करत म्हणाला. "याले कशात बसवू? बरं, म्हैस जित्ती असल्याचा दाखला हाय?"

इंद्रभान गुरांच्या दवाखान्यात गेला. तिथले कंपाउंडर सज्जन होते. त्यांनी सगळी कपाटं उघडून पाहिली. "मेल्याचा दाखला देता येते," ते खरोखर वाईट वाटून म्हणाले. "टोचल्याचा देता येते. नुसतं जित्तं असल्याचा नमुनाच नाई आला कधी वरून. तुमी असं करता का, टोचून घेता का?" जमनेला टोचून घेतलं. टोचल्याचा दाखला पाहून हवालदारानं 'आरोग्य प्रचार' या सदरात परवानगी दिली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण इंद्रभानच्या छातीवर बिल्ला होता, आणि रोज एक सुधारणा चुकवायची नव्हती. बाजारातून फिरवायची म्हैस अशी चिखलात लडबडलेली कशी न्यायची? त्यानं जमनेला साबणानं घासली. न्हावी बोलावून भादरली. अंगाला सरकीचं तेल चोपडलं, मिलमध्ये त्याची वाण नव्हती. शिंगांना लाल आणि हिरवा ऑइलपेंट दिला आणि एका शिंगाचा टवका उडालेला होता तिथे चिनीमाती भरून तो गुळगुळीत केला. विजयमाला पाहायला आली आणि तोंडाला पदर लावून म्हणाली, "इतकं तं लग्नात मलेबी नाई सजवलं कोनी."

वरात निघाली. पुढे टांग्यात भोंगा आणि मारोतराव. "प्रवाशांनी, आपलं ते, गिऱ्हाइकांनी लक्ष द्यावं! फुलचंदशेटची जमना म्हैस जिवंत असून आपल्यासमोर येत आहे!" मागे जमना, आणि तिच्या दोरीला इंद्रभान. लोक दुकानांतून बाहेर आले. जमनेला आपादमस्तक पाहिलं. मग एक म्हातारा म्हणाला, "ही जमना नाई."

"कशी नाई? जमनाच हाय!" इंद्रभान ओरडला.

"जमनेच्या शिंगाचा टवका गेलेला हाय. हिचं शिंग तं साबूत हाय. अन् जमना अशी चमकते काय? ही बाहेरून आनली भाड्यानं."

"खरी जमना असती तं म्हैस लपून काहून ठेवली असती?" दुसरा म्हणाला.

हे चाललं असताना जमनेनं भाजीवालीच्या टोपल्यात तोंड घालून सगळी मेथी फस्त केली. झालं, सोक्षमोक्ष लागला. "पाहा! आमची जमना ढेपीशिवाय कशाले तोंड लावत नव्हती," म्हातारा गहिवरून म्हणाला. "बिचारी गेली!" दोघातिघांनी टोप्या काढल्या. भाजीवालीनं इंद्रभानची कॉलर धरली. मारोतरावांनी भोंग्यावरून जाहीर केलं की पुढील सूचना मिळेपर्यंत कार्यक्रम स्थगित आहे, आणि टांगा हाकायला लावला.

इंद्रभान दोरी धरून परतला तेव्हा त्याला खरंच रडू येत होतं. त्यानं कोणाचं वाईट केलं नव्हतं. त्याला फक्त आजच्यापेक्षा उद्या चांगलं करायचं होतं, आणि उद्या तर रोज आणखीच बिघडत होता. त्यानं रॉकेलच्या बोळ्यानं जमनेची शिंगं पुसली, चिनीमाती टोकरून काढली, पाटी उपटली, निंबाखाली जमनेला पुन्हा बांधली. जमना लगेच चिखलात लोळली. तिला पाहून त्याला जरा बरं वाटलं.

डॉक्टर आले तो दिवस बाजाराचा होता. जीप फाटकाशी थांबली, आणि बाजारातली निम्मी माणसं निंबाखाली जमली. टवका गेलेलं शिंग पाहून कुजबुज सुरू झाली, पण खात्री कोणालाच नव्हती. डॉक्टर हसतमुख होते, पण डोळे बारीक करून पाहायचे.

"तुमच्याकडे म्हणे म्हैस माल पास करते," ते म्हणाले. "आणि म्हणे ती मेली. मला दोन्ही पाहायचं आहे."

शेटजींनी स्वतः पोतं सोडलं. इंद्रभाननं तुकडा मोडून जमनेपुढे धरला. जमना बसली होती. तिनं तुकड्याकडे पाहिलं, इंद्रभानकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"जमने, ए जमने! माय माही!" काही उपयोग नाही. दुसरं पोतं सोडलं, तिसरं सोडलं. जमनेनं मान फिरवली. गर्दीतून एक लांब 'आऽऽ' असा आवाज आला. शेटजी काळेनिळे झाले.

"तिले काय झालं?" इंद्रभान कळवळून म्हणाला. "सकाळपासून काय खाल्लं तिनं?"

"मी उलीसक कुटार टाकलं," गोजराबाई पुढे आली. "म्हटलं, खुशीत राहीन. बाबूचं काम होईन."

"म्या कडबा आनला होता. पेंडीच आनली," मारोतराव गर्दीतून म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक होता.

"शेटानीनं गूळ-पोळी देल्ली," शेटजी जमिनीकडे पाहत म्हणाले. "अन् मी सरकी चारली. थोडीशी."

विजयमाला कोपऱ्यात उभी होती. तिच्या हातात भाकरीचं रिकामं फडकं होतं. आणि खुद्द इंद्रभाननंही पहाटे येऊन गुपचूप टोपलंभर हिरवा चारा टाकला होता. प्रत्येकानं आपापली एक सुधारणा केली होती आणि सगळ्या सुधारणा जमनेच्या पोटात होत्या.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "शेटजी, जनावर तोंड लावत नाही म्हणजे मला विचार करावा लागेल." आणि ते जीपकडे वळले.

इंद्रभानच्या डोळ्यांपुढे इंझोरीचा मांडव उभा राहिला. सारं गोत बसलेलं. जानराव उठून उभे राहिलेले. विजयमालेनं तोंडावर घेतलेला पदर. आणि तो प्रश्न. हातातला ढेपेचा तुकडा त्यानं सरळ आपल्या तोंडात घातला.

"पाहा साहेब!" तो चावत चावत म्हणाला. "माल चांगला हाय! सोताच्या हातानं निवडून घेतला हाय! म्हशीचं पोट भरलं हाय, तं मी खाऊन दाखवतो!" कडवट, कोरडी ढेप घशात अडकत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं. तरी त्यानं दुसरा तुकडा घेतला. विजयमाला "अवो, अवो!" करत धावली.

जमनेनं डोळे उघडले. जन्मभर ज्या पोत्यावर आपला हक्क, त्यातून दुसरंच कोणी खातंय, हे तिनं पाहिलं. ती उठली. फुर्र करून पुढे आली, इंद्रभानला खांद्यानं बाजूला ढकललं, त्याच्या हातातला तुकडा हिसकला, आणि तो गिळून थेट पोत्यातच मुंडकं खुपसलं. इंद्रभान चिखलात बसला. बिल्ला कुठे गेला, तो पुन्हा कधी दिसला नाही.

"जमनाच हाय रे!" तो म्हातारा ओरडला. "जमनेनं तोंड लावलं!" आणि गिऱ्हाइकांनी आपापल्या बंड्यांकडे धाव घेतली.

डॉक्टर हसून हसून जीपला टेकले. "भरल्या पोटी जनावर खातं आहे, याहून मला काय पाहिजे? आणि आपला माल आपण खाऊन दाखवणारा सुपरवायझर मी आजवर पाहिला नाही. ऑर्डर तुमची. पण अट एक. प्रत्येक खेपेला आधी हे तोंड लावतील, मग म्हैस. आणि माणूस पक्का पाहिजे. रोज बदलणारा नको."

शेटजींनी चिखलातच इंद्रभानला मिठी मारली. "पक्का! आजपासून पक्का!"

तर असा इंद्रभान पक्का झाला. प्रत्येक खेपेला तो एक तुकडा चावायचा, थुंकायचा, मान हलवायचा, मग जमना. हळूहळू त्याला चव कळू लागली. सरकी जुनी की नवी, भाजणी कमी की जास्त, पोत्यात माती गेली की नाही, सगळं जिभेवर. शिबिरात हे शिकवलं नव्हतं.

पण ही गोष्ट लग्नाआधीच इंझोरीला पोचलेली होती. बुद्धवंदना झाली, नवरानवरीवर फुलं पडली, पंगत बसली. जानराव मांडवाच्या मधोमध उभे राहिले. आवाज असा की वेशीपर्यंत जावा: "आमचे जवाई पक्के झाले बरं का! कसे झाले, इचारा! ढेप खाऊन!" मांडव हसून हसून लोटपोट झाला. "अन् आपन तं पयलेपासून सांगतो, जवायाच्या मिलशिवाय दुसरी ढेप आपल्या गोठ्यात येत नाई!"

नवरीच्या मैत्रिणी वाढायला आल्या. इंद्रभानच्या पत्रावळीवर वरण नाही, भात नाही, मधोमध फक्त ढेपेचा एक तुकडा. शेजारी चिमूटभर मीठ. सगळी पंगत हात थांबवून पाहू लागली. विजयमालेचा चेहरा पडला. कच्चा होता तेव्हा जेवू तरी देत होते, असं इंद्रभानला वाटून गेलं.

मग त्यानं शांतपणे तुकडा उचलला. मोडला. वास घेतला. दाताखाली धरून सावकाश चावला, जसा तो रोज चावायचा. इंद्रभाननं घास पानाच्या कडेला ठेवला आणि सासऱ्यांकडे पाहिलं.

"मामाजी," तो म्हणाला, "ही आमची नाई. मालेगावची हाय."

पंगतीच्या माना एकदम जानरावांकडे वळल्या. जानरावांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "एक... एकच पोतं आनलं होतं बापा," ते म्हणाले. "म्हैस मेली म्हनत होते ना सारे."

विजयमालेनं डोक्यावरचा पदर सावरला, भाताचं ताट बहिणीच्या मैत्रिणीच्या हातातून काढून घेतलं आणि नवऱ्याच्या पानात भाताचा डोंगर केला.

"जेवा," ती म्हणाली. "हे आपल्या घरचं हाय."